सत्रापुरतं परदेशी: निघण्याआधीची कामं, त्यांच्या क्रमाने

परदेशातल्या एका सत्राची तयारी उलट्या बाजूने मोजायची असते. तिकडे वर्ग ज्या दिवशी भरणार तो दिवस कॅलेंडरवर आधी लिहायचा आणि तिथून मागे यायचं. कारण यातला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. आपल्या कॉलेजने नॉमिनेशन, म्हणजे तुमच्या नावाची शिफारस, पाठवल्याशिवाय यजमान विद्यापीठ अर्ज घेत नाही. अर्ज मंजूर झाल्याशिवाय स्वीकृतिपत्र नाही, स्वीकृतिपत्राशिवाय व्हिसाची फाइल पुरी होत नाही, आणि व्हिसा हातात नसताना काढलेलं तिकीट म्हणजे सरळ जुगार. एक्स्चेंजच्या, म्हणजे दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या, फायली वर्षानुवर्षं हाताळताना आम्हाला दिसलेली गोष्ट अशी, की मुलं-मुली कष्टाला कमी पडत नाहीत; कामांचा क्रम चुकतो. बॅगेत काय भरायचं याची यादी केव्हाच तयार झालेली असते आणि विषयांच्या मंजुरीवर सही नसते. म्हणून इथे कामं त्यांच्या खऱ्या क्रमाने मांडली आहेत. हाताशी आठ-नऊ महिने असले तर कशाचीच धावपळ होत नाही.

पहिला हात पासपोर्टला लावायचा. मुदत संपलेली नाही एवढं पाहून भागत नाही. शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा) नियम असा, की परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट वैध हवा, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. इतर अनेक देश सहा महिन्यांची शिल्लक मुदत मागतात. तयारीचे नऊ महिने, सत्राचे पाच आणि वरचे सहा मिळवले तर वीस महिने होतात. तेवढ्यात मुदत संपत असेल तर पासपोर्ट आताच नवा करून घ्या. मधेच बदलला तर नंबर बदलतो, आणि जुना नंबर तोवर स्वीकृतिपत्रावर, विम्यावर, बँकेच्या दाखल्यावर छापून गेलेला असतो. मग एकेक कागद दुरुस्त करून आणण्यात नाकी नऊ येतात.

नावाचंही तसंच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, बँकेत नुसती आद्याक्षरं, अशी तीन रूपं असतील तर एकच धरून चालावं लागतं, आणि ते पासपोर्टवरचं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. विमान कंपनी आणि सीमेवरचा अधिकारी दोघंही त्याच ओळी वाचतात. अर्जात, तिकिटात, विम्यात नाव त्या ओळींप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहा. पासपोर्टवर नावाचा एक रकाना रिकामा असेल तर जास्त जपायला हवं. अमेरिकेच्या व्हिसात अशा वेळी असलेलं एकुलतं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या रकान्यात ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) ही तीन अक्षरं छापली जातात. ती तिथल्या बाकीच्या कागदांवरही मागे लागतात. पासपोर्ट नवा करताना दोन्ही रकाने भरून घेता आले तर ते तेव्हाच करावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम: विषयांची मंजुरी. व्हिसा नाकारला गेला तर पुन्हा अर्ज करता येतो. मंजुरी न घेता शिकलेला विषय परत आल्यावर गुणपत्रिकेत चढवून घेणं फार अवघड जातं. तिकडचं सगळं सत्र उत्तम गुणांनी पार करूनही इकडे एक सत्र मागे पडलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. कारण बहुतेक वेळा एकच निघतं. ‘विषय साधारण सारखाच आहे, होईल’ अशा तोंडी होकारावर ती निघालेली असतात, आणि परत येईपर्यंत होकार देणारे सर किंवा मॅडम त्या पदावर नसतात.

हे काम असं करायचं. यजमान विद्यापीठाच्या विषयसूचीत शोध घेताना आधी एक पाहा, की ती कोणत्या वर्षाची आहे. पुढच्या वर्षाची सूची बऱ्याचदा उशिरा लागते, आणि गेल्या वर्षीचा विषय यंदा नसतो किंवा दुसऱ्या सत्रात जातो. प्रत्येक विषयापुढे पाच गोष्टी तपासा: तो तुमच्या सत्रात आहे का, कोणत्या भाषेत शिकवतात, पदवीच्या कोणत्या वर्षाचा आहे, त्याआधी कोणते विषय झालेले लागतात, आणि बाहेरून सत्रापुरत्या आलेल्यांना तो खुला आहे का. शेवटची अट बारीक अक्षरात असते आणि तिथेच घोडं अडतं. प्रयोगशाळेचे, क्लिनिकचे आणि स्टुडिओचे विषय पुष्कळ ठिकाणी एक्स्चेंजवाल्यांना बंद असतात.

मग त्या विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम मागवा. सूचीतला चार ओळींचा परिचय मंजुरीला पुरत नाही. आठवड्यागणिक काय शिकवणार, तास किती, परीक्षा कशी, पुस्तकं कोणती, एवढं असलेला कागद हवा. तो वेबसाइटवर नसेल तर तिथल्या एक्स्चेंज कार्यालयाला किंवा थेट शिक्षकांना लिहा. तो तुमच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून विभागप्रमुखांकडे न्या. तुलनेचा तक्ता तुम्हीच करून नेला तर सही लवकर मिळते. तक्त्याची एक ओळ अशी असावी: डावीकडे आपला विषय, त्याचा क्रमांक आणि क्रेडिट, उजवीकडे तिकडचा विषय, त्याचा क्रमांक, क्रेडिट आणि पातळी, त्यापुढे किती भाग जुळतो आणि काय सुटतं ते एका वाक्यात, शेवटी सही, नाव, हुद्दा, तारीख. ‘काय सुटतं’ हे प्रामाणिकपणे लिहा. पुढे त्याच विषयावर आधारलेला विषय आला की सुटलेला भाग तुम्हालाच भरून काढायचा असतो, आणि मंजुरी देणाऱ्यालाही आपल्यापासून काही लपवलं नाही याची खात्री पटते.

पाच विषय लागणार असतील तर आठ मंजूर करून घ्या. तिकडे पोचल्यावर दोन विषयांचे तास एकमेकांवर येतात, एखाद्याची जागा भरलेली असते, एखादा पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून रद्द होतो. पर्याय आधीच मंजूर असला की त्या दिवशी फक्त नोंदणी बदलायची उरते. सही कुणाची चालते तेही विचारून घ्या. शिक्षकांची सही म्हणजे शिफारस. गुणपत्रिकेत नोंद करणारा परीक्षा विभाग ज्याची सही मानतो त्याची हवी. युरोपातल्या इरॅस्मस योजनेत हा कागद ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ या नावाने ठरलेल्या नमुन्यात असतो आणि त्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि घेणारी संस्था अशा तिघांच्या सह्या लागतात. तुमची देवाणघेवाण त्या योजनेत नसली तरी नमुना उत्तम आहे, तोच वापरा.

क्रेडिटचा हिशेबही आधीच लेखी करून घ्यायचा. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट असतात, म्हणजे सत्राची ३०, आणि एक क्रेडिट साधारण २५ ते ३० तासांच्या एकूण कामाचं. ब्रिटनमध्ये वर्षाची १२० असतात, म्हणून तिथली दोन म्हणजे युरोपचं एक. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याचा भार सहसा सत्राला १५ असतो आणि १२च्या खाली गेलं तर तो पूर्णवेळ विद्यार्थी धरला जात नाही, ज्याचा परिणाम थेट व्हिसावर होतो. गुणांचं रूपांतर हा आणखी वेगळा प्रश्न. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी, फ्रान्समध्ये २०पैकी १०ला उत्तीर्ण. फ्रान्समधले १४ गुण चांगले मानले जातात. नुसतं शेकड्यात बदलून ७० टक्के केलं तर विद्यार्थ्यावर अन्याय होतो. तुमची संस्था तिकडचे गुण सरासरीत धरते की फक्त ‘उत्तीर्ण’ अशी नोंद करते, हे निघण्याआधी लेखी घ्या. पुढे उच्च शिक्षणाला अर्ज करायचा असेल तर या एका ओळीने फरक पडतो.

सत्राच्या तारखा जुळत नाहीत हे गृहीतच धरा. जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होऊन व्याख्यानं फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्याला लागून. ऑस्ट्रेलियात पहिलं सत्र फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चला उघडतं. जपानमध्ये वर्ष एप्रिलला सुरू होतं. ब्रिटनच्या अनेक विद्यापीठांत शिकवणं डिसेंबरात संपतं, पण परीक्षा जानेवारीत असते. डिसेंबरचं परतीचं तिकीट काढून बसलेल्यांची तिथे पंचाईत होते. एक्स्चेंजवाल्यांना परीक्षेऐवजी निबंध किंवा प्रकल्प देण्याची सोय काही विभाग करतात, काही करत नाहीत, आणि ते विषयागणिक बदलतं. म्हणून विषय निवडतानाच मूल्यमापनाची तारीख पाहायची. आपल्या इथल्या परीक्षा, पुढच्या सत्राची नोंदणी आणि कॅम्पस मुलाखती यांच्या तारखाही त्याच कॅलेंडरवर मांडा.

व्हिसाचा प्रकार सत्राच्या लांबीवर ठरतो, आणि ‘थोड्याच दिवसांसाठी तर जातोय’ हा विचार इथे धोक्याचा. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. चार-पाच महिन्यांच्या सत्राला तो पुरत नाही. त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. ब्रिटन आणि कॅनडात मात्र सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास विद्यार्थी व्हिसा किंवा स्टडी परमिट न घेताही करता येतो. पण ब्रिटनमध्ये अभ्यागत म्हणून गेलात तर काम करता येत नाही, आणि मुक्काम सहा महिन्यांच्या एक दिवसही पुढे गेला तर सगळा पाया चुकतो. वर्गाच्या तारखा नव्हे, तर देशात पाऊल ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंतचे दिवस मोजा.

अमेरिकेत एक्स्चेंज करारातून जाणारे बहुधा जे-१ व्हिसावर जातात. त्यासाठी यजमान विद्यापीठ डीएस-२०१९ हा फॉर्म देतं, तो आल्यावर सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी प्रणालीचं) शुल्क भरायचं, मग डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि मुलाखत. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी तिथे प्रवेश मिळत नाही, तेव्हा तिकीट त्या हिशेबाने. जपानसाठी तिथलं विद्यापीठ पात्रतेचं प्रमाणपत्र काढून देतं. ते मिळायला महिने लागतात आणि मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत देशात दाखल व्हावं लागतं. बऱ्याच देशांच्या बाबतीत अर्जाच्या प्रक्रियेपेक्षा मुलाखतीची किंवा बायोमेट्रिकची तारीख मिळण्यातच जास्त वेळ जातो. उन्हाळ्याच्या तोंडावर जगभरचे विद्यार्थी एकदमच रांगेत उभे राहतात. ठसे आणि फोटो द्यायला तुम्ही स्वतःच लागता, तिथे कुणाचा वशिला चालत नाही.

पैशांच्या पुराव्यात रक्कम असते पण तिचा इतिहास नसतो, आणि अर्ज तिथे अडकतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि खात्याचा उतारा अर्जाच्या वेळी ३१ दिवसांपेक्षा जुना चालत नाही. मधे एक दिवस शिल्लक खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. विमा भरला, फी भरली आणि शिल्लक काठाच्या खाली घसरली, असं सहज होतं. म्हणून थोडी वरची रक्कम ठेवा आणि त्या खात्यातून त्या काळात काहीच काढू नका. जर्मनीत दुसरी रीत आहे. तिथे पैसे ‘स्पेरकोंटो’ नावाच्या बंद खात्यात आधी भरावे लागतात आणि पोचल्यावर दरमहा ठरावीक रक्कमच हातात येते. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो अशी आहे. पहिला हप्ता सुटण्यासाठी काही कागद तिकडे गेल्यावर द्यावे लागतात, तेव्हा पहिल्या महिन्याचं भाडं आणि अनामत यांचे पैसे वेगळे जवळ असू द्या. आणि कुणी नातेवाईक खर्च उचलणार असेल तर त्यांचं हमीपत्र, त्यांच्या उत्पन्नाचा कागद आणि तुमच्याशी नातं दाखवणारा कागद, तिन्ही एकत्र लागतात. एक नसला तर उरलेल्या दोनांना किंमत नाही.

विमा घेताना अंतर्भूत रक्कम आणि तारखा या दोन गोष्टी आधी. शेंगेनच्या व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. अमेरिकेच्या जे-१साठी प्रत्येक आजारपणामागे किंवा अपघातामागे १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५०,००० डॉलर, मृतदेह परत पाठवण्यासाठी २५,००० डॉलर, आणि आपण भरायचा वाटा एका आजारपणाला ५०० डॉलरहून जास्त नसावा, अशी अट आहे. विमा विमानात बसता त्या दिवसापासून सुरू व्हायला हवा, ओरिएंटेशनच्या दिवसापासून नव्हे. जर्मनीत विद्यापीठात नाव दाखल होताना तिथल्या सार्वजनिक आरोग्य विमा संस्थेकडून तुमच्या विम्याची स्थिती विद्यापीठाला थेट कळवली जावी लागते. नुसता प्रवासविमा दाखवून काम होत नाही. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची पानं शांतपणे वाचा. आधीपासूनचे आजार, मानसोपचार, दात आणि साहसी खेळ हे चार मुद्दे त्यात नक्की शोधा.

लसींना दिवस लागतात, म्हणून त्यांचा क्रम वर. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे दोन डोस मागतात आणि दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. लहानपणी दिलेले डोस मोजले जातात, पण तारखांसकट कागद असेल तरच. क्षयाची त्वचाचाचणी सांगितली असेल तर ती याच लसीच्या दिवशी तरी करायची, नाहीतर लसीनंतर निदान चार आठवडे थांबायचं. ही जिवंत विषाणूंची लस चाचणीचा प्रतिसाद काही काळ दाबू शकते आणि निकाल चुकीचा ‘नाही’ येऊ शकतो. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र डोसनंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं. जुलै २०१६पासून ते आयुष्यभर चालतं.

नेहमीची औषधं चालू असतील तर त्यांचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं ब्रँडनाव परदेशी डॉक्टरला काही सांगत नाही. मूळ नावंही दोन असू शकतात: पॅरासिटॅमॉलला अमेरिकेत आणि जपानमध्ये अ‍ॅसिटअमिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल. डॉक्टरांच्या पत्रात आजार, औषध, दिवसाची मात्रा आणि एकूण साठा एवढं असावं, आणि औषध मूळ वेष्टनात. आठवड्याच्या खोक्यांत मोकळ्या गोळ्या भरून नेऊ नका. काही औषधं दुसऱ्या देशात सरळ बेकायदा ठरतात. लक्ष एकाग्र होण्यासाठी दिली जाणारी अ‍ॅम्फेटामीनची औषधं जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत, आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधंही नाहीत. तिथे चिठ्ठीवरची इतर औषधं महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाबाबत सगळीकडेच चौकशी करा. मानसिक आजारासाठी उपचार चालू असतील तर ते प्रवासाच्या तोंडावर बंद करू नका. तिकडे तेच औषध मिळतं का आणि कुणाकडे जायचं, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून दोन महिने आधी ठरवा. पहिले सहा आठवडे सगळ्यांनाच जड जातात.

राहण्याची सोय विद्यापीठाच्या वसतिगृहात मिळत असेल तर पहिल्या सत्राला तीच घ्यावी, खोली लहान असली तरी. सत्रापुरता करार बाहेर सहज मिळत नाही. घरमालकांना वर्षाचा हवा असतो. बाहेर शोधताना न पाहिलेल्या घरासाठी आधी पैसे मागणारा, किल्ली टपालाने पाठवतो म्हणणारा आणि भाडं आसपासच्यापेक्षा बरंच कमी सांगणारा माणूस दिसला तर तिथेच थांबा. घराचे फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहिले की तेच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडतात. करारात तीन गोष्टी पाहा: संपण्याची तारीख परीक्षेनंतरची आहे का, वीज-पाणी-इंटरनेट भाड्यात आहे का, आणि या पत्त्यावर सरकारी नोंदणी करता येईल का. तिसरी गोष्ट फार मोलाची. जर्मनीत राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. तो द्यायला तयार नसलेल्या माणसाचं घर घेऊ नये. जपानमध्येही पत्ता १४ दिवसांत नोंदवायचा असतो. वसतिगृहाचं कार्यालय किती वाजता बंद होतं आणि शनिवारी-रविवारी किल्ली कोण देतं, हे विचारूनच विमानाची वेळ निवडा.

तिकीट काढताना थांबा बघा. दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढून जोडली तर सामान मधल्या विमानतळावर बाहेर घेऊन पुन्हा द्यावं लागतं. बाहेर येणं म्हणजे त्या देशात प्रवेश, आणि त्यासाठी व्हिसा. तो नसेल तर विमान कंपनी पहिल्याच विमानात बसू देत नाही. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी सगळ्यांना इमिग्रेशनमधून जावं लागतं. परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्यावं. परीक्षेचं वेळापत्रक सत्राच्या मध्यावर लागतं.

आता फोन. या मुद्द्यावर आम्ही मुद्दाम जास्त बोलतो, कारण इथे झालेली चूक परदेशातून दुरुस्त होत नाही. बँकेचा ओटीपी, सरकारी पोर्टलचा ओटीपी, कॉलेजच्या ईमेलची दुहेरी पडताळणी, सगळं घरच्या नंबरवर येतं. तो नंबर बंद पडला तर आपलेच पैसे आपल्याला हलवता येत नाहीत. बराच काळ न वापरलेला आणि रिचार्ज न केलेला नंबर कंपनी काढून घेते आणि पुढे दुसऱ्याला देते. म्हणून तो सत्रभर किमान रिचार्जवर जिवंत ठेवा, रोमिंग इथूनच चालू करा आणि रोमिंगमध्ये एसएमएस येतो का हे कंपनीकडून पक्कं करा. फोनमध्ये दोन नंबर मावतात का, तो एखाद्या कंपनीला बांधलेला नाही ना, हे पाहा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२च्या आयफोन १४पासून सिमकार्डाचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम चालतं. तिथे जाऊन नवा फोन घेणाऱ्यांनी घरचं सिम आधीच ई-सिममध्ये बदलून घ्यावं. आणि पडताळणीच्या अ‍ॅपचे आणीबाणीचे कोड कागदावर छापून ठेवा. फोन हरवला की तेवढाच आधार उरतो.

कार्डं दोन हवीत, वेगवेगळ्या बँकांची, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. परदेशी व्यवहार दोन्हींवर चालू करून मर्यादा पाहून घ्या. तिकडच्या यंत्राने ‘तुमच्या चलनात घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा. नाहीतर विनिमयाचा दर ते यंत्र ठरवतं आणि तो आपल्या बँकेपेक्षा बहुधा महाग असतो. रोख बरोबर नेताना युरोपीय संघात १०,००० युरो किंवा जास्त आणि अमेरिकेत १०,००० डॉलरहून जास्त असेल तर जाहीर करावं लागतं.

मागे राहणाऱ्या कामांसाठी विश्वासातल्या एका माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. ते सरसकट नको, नेमक्या कामांपुरतं असावं: अमुक बँकेतला अमुक व्यवहार, कॉलेजातून कागद घेणं, पुढच्या सत्राची नोंदणी करणं. परदेशातून तेच करायचं म्हटलं तर वकिलातीच्या किंवा अपोस्टिलच्या (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणाऱ्या सरकारी शिक्क्याच्या) फेऱ्या घालाव्या लागतात. कॉलेजात तुमची नोंद ‘रजेवर’ नसून ‘एक्स्चेंजवर’ आहे याचं पत्र हातात घ्या. रजेवर गेलेल्याची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा दोन्ही जाऊ शकतात. तिकडे गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही आपल्याच देशात काढून न्यावा लागतो, आणि जपान रस्ता वाहतुकीच्या १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच मानतो.

बॅगेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिनच्याच बॅगेत, १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर ‘१००-२४०’ छापलेलं असतं, त्यांना फक्त पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर पुरतो. केस वाळवायचं यंत्र किंवा किटली २३० व्होल्टची असेल तर ती १०० किंवा १२० व्होल्टवर नीट तापत नाही, आणि उलट नेली तर जळते. ती तिकडेच घ्यावी. खाण्याचे पदार्थ नेताना मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत हे ध्यानात असू द्या, आणि ऑस्ट्रेलियात कोणतंही खाणं, बी किंवा लाकडाची वस्तू जाहीर केल्याशिवाय नेऊ नका. सामान आलंच नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत करायची असते, उशिरा आलेल्या सामानाची २१ दिवसांत.

सगळे मूळ कागद केबिनच्या बॅगेत, आणि ते अधिकारी विचारतो त्या क्रमाने लावलेले: पासपोर्ट, स्वीकृतिपत्र किंवा डीएस-२०१९, पैशांचा पुरावा, राहण्याचा पत्ता, विमा. पासपोर्टवर शिक्का पडला की खिडकीपासून हलण्याआधी तो वाचा. प्रवेशाचा प्रकार आणि तारीख चुकली असेल तर तिथल्या तिथे दोन मिनिटांत बदलते. अमेरिकेत आय-९४ ही प्रवेशाची ऑनलाइन नोंदही पहिल्या दिवशीच काढून पाहावी. विद्यार्थ्याऐवजी पर्यटक म्हणून नोंद झाली असेल तर विद्यापीठात नाव दाखल करताना ती आडवी येते.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात विद्यापीठात हजेरी, पत्त्याची नोंद आणि आरोग्य विमा ही तीन कामं व्हायला हवीत; बँकेचं खातं आणि तिकडचा नंबर त्यामागून. दुसऱ्या आठवड्यात विषय पक्के होतात. मंजूर आठांपैकी काही गळले आणि नववाच एखादा घ्यावा लागला, तर त्याचा अभ्यासक्रम त्याच दिवशी आपल्या विभागप्रमुखांना आणि परीक्षा विभागाला एकाच ईमेलमध्ये पाठवा. विषय बदलण्याची तिकडची शेवटची तारीख त्या ईमेलच्या पहिल्या ओळीत लिहा. लेखी होकार आल्याशिवाय आधीचा मंजूर विषय सोडू नका.